डूमवाल्याचं रॉकेट

डॅलसमधल्या गेमवेड्यांसमोर जॉन कारमॅकचं नाव काढलं की पुढच्या तासाभराची निश्चिंती. आमच्या ऑफिसात असे चार-पाच जण आहेत. पन्नाशीला टेकलेत, मुलं कॉलेजात गेलीत, पण 1993 च्या 'डूम' या व्हिडिओगेमवरून अजून विशीतल्या पोरांसारखे भांडतात. कारमॅक हा त्याचा प्रोग्रामर. 'डूम' आणि 'क्वेक' काढणाऱ्या त्याच्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीचं त्या वेळचं ऑफिस इथून जवळच होतं, मेस्कीट नावाच्या उपनगरात, हायवेला लागून असलेल्या काळ्या काचांच्या इमारतीत. त्याच मेस्कीटमध्ये कारमॅकने 2000 साली काही हौशी मंडळी गोळा करून 'आर्माडिलो एरोस्पेस' ही रॉकेट बनवणारी कंपनी सुरू केली. पैसे मुख्यतः त्याच्या खिशातले, आणि माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून येणारी.

आपल्याकडे रॉकेट म्हटलं की श्रीहरिकोटा, शास्त्रज्ञ आणि काउंटडाउनचं थेट प्रक्षेपण. रॉकेट हा कुणाचा छंद असू शकतो हे मला इथे येऊन कळलं. वजन दीड किलोच्या आत, इंधन 125 ग्रॅमच्या आत आणि सांगाडा कागद, लाकूड किंवा प्लॅस्टिकचा असेल, तर विमान वाहतूक खात्याची आगाऊ परवानगी लागत नाही. मोटर हॉबी शॉपमध्ये तयार मिळते. वर 'सी6-5' असं काहीतरी छापलेलं असतं. 'सी' म्हणजे एकूण किती जोर, 6 म्हणजे सरासरी रेटा किती न्यूटन, 5 म्हणजे जळून झाल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं. ए, बी, सी असं पुढे जाल तशी प्रत्येक अक्षराला जोराची मर्यादा दुप्पट होते. ऐकायला साधं वाटतं, पण दहा अक्षरं पुढे गेलात की हजारपट होते! 'एच'पासून पुढे क्लबसमोर उडवून दाखवून सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

हेच सहकारी मला एका शनिवारी शहराबाहेरच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे एका टेबलामागे सेफ्टी ऑफिसर बसतो. समोर ठेवलेलं प्रत्येक रॉकेट तो उचलतो, पंख हलवून बघतो, आतली दोरी खेचून बघतो, पॅराशूटखाली न जळणारा कागद घातलाय का ते बोटाने चाचपतो. आठ वर्षांची मुलगी असो नाहीतर पांढऱ्या दाढीचा इंजिनियर, सूट कुणालाच नाही. उन्हाळ्यात काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, उघड्यावर काही पेटवायला बंदी घातली असेल तर मात्र सगळाच बेत रद्द. सुकलेलं गवत पेटायला एक ठिणगी पुरते.

त्या दिवशी वारा पडायची वाट बघत बसलो असताना नेहमीचा वाद निघाला. एकाचा सिद्धांत असा की इतके अवघड गेम काढणारा माणूस रॉकेटच्या नादी लागणारच, कारण दोन्हीकडे मरायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. 'डूम'मधली 'नाईटमेअर' पातळी हा त्याचा पुरावा. ती निवडली की गेम आधीच बजावतो, हे जराही न्याय्य नाही बरं का. मारलेले राक्षस काही वेळाने पुन्हा उठतात, जास्त वेगाने धावतात आणि चीट कोड चालत नाहीत.

दुसऱ्याने लगेच खोडून काढलं. राक्षस कुठे उभा करायचा, बंदूक कुठे लपवायची हे जॉन रोमेरो, सँडी पीटरसन वगैरे मंडळी ठरवायची. कारमॅक लिहायचा ते इंजिन. गेम अवघड झाला त्याचं श्रेय त्याला कसलं देता?

मला दुसऱ्याचं म्हणणं पटतं, पण तोही अर्ध्यावरच थांबला. गेमचं इंजिन करतं काय? खेळाडूने काय दाबलं ते वाचायचं, जगात काय बदललं ते मोजायचं, चित्र काढायचं आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा, न चुकता. उभं तरंगणारं रॉकेट हेच करतं. तळहातावर काठी तोलल्यासारखा तो प्रकार आहे: जायरोकडून कल किती ते वाचा, इंजिन किती वळवायचं ते ठरवा, वळवा, परत वाचा. गेममध्ये एखादी फेरी उशिरा झाली तर चित्र अडखळतं. इथे यंत्र आडवं होतं. कारमॅकने गेमकडून रॉकेटकडे उडी मारली ती, मला विचाराल तर, दिसते तेवढी लांबची नव्हती.

अवघड होतं ते बाकीचं. सॉफ्टवेअर सुधारून पाच मिनिटांत परत चालवता येतं. व्हॉल्व्ह, गळती आणि वेल्डिंग तसं ऐकत नाहीत. ऑगस्ट 2004 मध्ये त्यांचं चाचणीचं यान हवेतच इंधन संपून जमिनीवर आदळलं. कारमॅकने ते सगळं लिहून, व्हिडिओसकट जगासमोर ठेवलं. कंपन्या अशा गोष्टी दडपतात, त्यामुळे ही सवय मला त्याच्या कुठल्याही कोडपेक्षा मोठी वाटते.

मग आली नासाच्या बक्षिसाची 'लूनर लँडर' स्पर्धा. या नावाचा आर्केड गेम अटारीने 1979 मध्येच काढला होता: मोजकं इंधन, वेग सांभाळत यान अलगद टेकवायचं. स्पर्धेत तेच, फक्त खरोखरचं. पहिल्या पातळीला निदान 90 सेकंद हवेत राहून दुसऱ्या पॅडवर उतरायचं आणि मग तसंच परत यायचं. दुसरीला 180 सेकंद, आणि उतरायला चंद्रासारखी खडकाळ जमीन. 2006 आणि 2007 मध्ये प्रत्यक्ष उड्डाण करणारा आर्माडिलो हा एकच संघ होता, तरी दोन्हीदा हात रिकामे. 2008 मध्ये न्यू मेक्सिकोत पहिली पातळी जिंकून त्यांनी साडेतीन लाख डॉलर घेतले.

दुसऱ्या पातळीचं उड्डाण सप्टेंबर 2009 मध्ये डॅलसच्या ईशान्येला कॅडो मिल्सच्या छोट्याशा विमानतळावर झालं. दोन्ही फेऱ्या पार पडल्या, सगळ्यांनी पहिल्या बक्षिसाचे दहा लाख डॉलर जवळजवळ मोजायला घेतले. ऑक्टोबरअखेर कॅलिफोर्नियातल्या मोहावीत मास्टेन कंपनीचं यान बिघडत, पेटत, शेवटी एक जादा दिवस मिळवून उडलं आणि ठरलेल्या बिंदूच्या सरासरी 19 सेंटिमीटरच्या आत उतरलं. आर्माडिलोचं अंतर होतं 87. पहिलं बक्षीस मास्टेनला, आर्माडिलोला दुसरं, पाच लाखांचं.

पुढे 2013 च्या जानेवारीत त्यांचं मोठं रॉकेट पडलं आणि त्याच वर्षी क्वेककॉन या गेमवाल्यांच्या जत्रेत कारमॅकने कंपनी झोपवल्याचं सांगितलं. त्यावर इथे फारसं कुणी बोलत नाही. तो जादा दिवस मात्र अजून गाजतो. मैदानावरही तोच विषय निघाला आणि वारा पडला तरी कुणी उठेना. नियमात बसत असेल तर द्यावा दिवस, आणि 19 सेंटिमीटर म्हणजे 19 सेंटिमीटर, असं माझं मत आहे. ते मी फक्त मराठीत बोलतो.