आठ दिवसांनी विचारा

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी एका गृहस्थांच्या स्मरणशक्तीची चाचणी घेतली आणि "वयाच्या मानाने सर्वसाधारण" असा शेरा लिहून दिला. महिनाअखेरीस तेच गृहस्थ पुन्हा माझ्यासमोर बसले, तेव्हा तो शेरा किती अपुरा होता हे मला दहा मिनिटांत कळून चुकले. सोलापुरात एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. अपस्माराचे रुग्ण माझ्याकडे रोजच येतात. त्यामुळे झटके येणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती कशी ढासळते हे आपल्याला पुरेसे ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

त्या गृहस्थांना मी काका म्हणते. वय 54, राहणे पूर्व भागात, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलेले; आधी मागावर आणि पुढे जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी नक्षीची कार्डे पाडण्याच्या कामावर. त्यांची तक्रार अशी की सांगितलेले काम ते त्याच दिवशी चोख करून देत, पण तीन-चार आठवड्यांनी त्याच नक्षीची ऑर्डर पुन्हा आली की ती आपण पूर्वी केली आहे हेच त्यांना आठवत नसे. कारखान्यात लोकांना ते सोंग वाटू लागले होते. घरी दुःख निराळे होते. दोन वर्षांपूर्वी मुलीचे लग्न झाले, त्या दिवसातले काहीही त्यांच्याजवळ उरले नव्हते.

पहिल्या भेटीत मी त्यांना एक छोटी गोष्ट वाचून दाखवली. आठवडी बाजारात एका भाजीवालीचा पैशांचा बटवा हरवतो, एक शाळकरी मुलगा तो चौकीत नेऊन देतो, अशी ती गोष्ट आणि तिच्यात एकंदर 25 तपशील. काकांनी लगेच 14 तपशील सांगितले आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारल्यावर 13. शब्दांच्या यादीचेही तसेच. मी वही मिटत असताना ते हळूच म्हणाले, "आता समदं ध्यानात हाय की, मॅडम. आठ दिवसांनी इचारा." उतारवयाकडे झुकलेली माणसे अशी धास्ती बोलून दाखवतात, असे म्हणून मी ते वाक्य सोडून दिले. वास्तविक निदानाला जे हवे होते ते सगळे त्या एका वाक्यात होते.

आमच्या डॉक्टरांचे मात्र माझ्या अहवालाने समाधान झाले नाही. काकांच्या वागण्यात मधूनच काही विचित्र दिसते का, असे त्यांनी काकूंना विचारले. काकू म्हणाल्या, "ते लिहून ठेवलंय की मी." त्या बिड्या वळतात. पिशवीतून त्यांनी हिशेबाची वही काढली. पाने किती आणली, तंबाखू किती, किती हजार वळून दिल्या, असे रकाने होते. समासात मात्र जागोजागी पेन्सिलीने फुली मारलेली आणि तिच्यापुढे तेलुगूत दोन-तीन शब्द. अकरा महिन्यांत अशा 14 फुल्या होत्या आणि दोन सोडून बाकी सगळ्या पहाटेच्या. काका झोपेतून उठत आणि "आज वार कोणता, पोरगी कुठं गेली" हेच पुन्हापुन्हा विचारत राहत. अर्ध्या-पाऊण तासाने सगळे पूर्ववत होई. या गोष्टीला फीट म्हणायचे हे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. आपल्याकडे फीट म्हणजे माणूस कोसळणार, दातखीळ बसणार, तोंडाला फेस येणार आणि कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावणार. हातात चहाचा कप नीट धरून बोलणाऱ्या माणसाला फीट आलेली असू शकते, हे सुशिक्षित घरांतही पटवून द्यावे लागते.

डॉक्टरांनी रात्रभर जागरण करवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढायचे ठरवले, कारण जागरणानंतर लागलेल्या झोपेत अपस्माराच्या खुणा उमटण्याची शक्यता वाढते. त्यासाठी ते दोघे महिनाअखेरीस सकाळी आले आणि यंत्र मोकळे होईपर्यंत माझ्या खोलीत बसले. मी सहज म्हणून विचारले, "काका, मागच्या वेळची गोष्ट आठवते का?" त्यांनी विचारले, "कुठली गोष्ट?" जागरणाने माणूस मंदावतो, म्हणून मी आधार दिला. बाजार, भाजीवाली, बटवा. तरीही काही नाही. चार रंग सुचवून त्यातला बटव्याचा रंग ओळखायला सांगितला तर त्यांनी अंदाजाने एक निवडला आणि तो चुकला. तपशील विसरणे मी समजू शकले असते, पण मी गोष्ट सांगितली होती हेच पुसले गेले होते.

मग मी गड्ड्याच्या यात्रेबद्दल विचारले. पहिल्या भेटीनंतर सिद्धरामेश्वरांची यात्रा होऊन गेली होती आणि अक्षता सोहळ्याला काका मुलाबरोबर गेले होते. काकू सांगू लागल्या की, त्या संध्याकाळी घरी आल्यावर यांनी सगळे रंगवून सांगितले होते. बाराबंदी घातलेली माणसे, सातही नंदीध्वज, गर्दीत मुलाची तुटलेली चप्पल आणि "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणत हजारो हातांनी उधळलेल्या अक्षता. काका हे सारे दुसऱ्या कोणाची हकीकत ऐकावी तसे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी काकूंना विचारले, "मी गेलतो?" त्या प्रश्नात इतका प्रामाणिकपणा होता की सोंगाचा आरोप करणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवावा, असे मला वाटले.

ईईजीच्या खोलीत त्यांना लवकर झोप लागली. झोपेत डाव्या कानशिलाकडच्या तारांमध्ये टोकदार लहरी दिसत असल्याचे तंत्रज्ञाने मला बोलावून दाखवले. थोड्या वेळाने काका जागे झाले, उठून बसू पाहू लागले आणि म्हणाले, "आपण हितं कशाला आलोय?" काकूंनी सांगितले. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, त्याच स्वरात. पडद्यावर डाव्या बाजूची लय तोवर पार बदलली होती. मी घड्याळ लावून त्यांच्याशेजारी बसले. पत्नीला ते ओळखत होते, स्वतःचे नाव-गाव बरोबर सांगत होते, पाणी मागून प्यायले. पांघरलेल्या चादरीच्या काठाला एक सुटलेला धागा होता. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांची बोटे जुळवून त्याची मागावरची बारीक गाठ मारली, दाताने टोक तोडले आणि काठावरून अंगठा फिरवून गाठ लागत नाही ना हे पाहिले. लगेच मान वर करून विचारले, "आपण हितं कशाला आलोय?" 35 मिनिटांत हा प्रश्न 14 वेळा आला. नंतर ती 35 मिनिटेही त्यांच्याजवळ राहिली नाहीत. गाठ मी त्यांना दाखवली. ती आपलीच आहे हे त्यांनी पाहताक्षणी ओळखले, पण कधी मारली ते सांगता आले नाही.

हात आणि आठवण यांची ही फारकत वैद्यकाला कळली तीही अपस्माराच्याच एका रुग्णामुळे. अमेरिकेत 1953 साली हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाचे झटके थांबावेत म्हणून विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या आठवणी बांधणाऱ्या अवयवाचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले. पण त्यानंतरची नवी घटना त्याच्या मनात ठरेनाशी झाली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला शिकवले, तर त्याचा हात रोज सुधारत गेला आणि तो स्वतः मात्र दर वेळी म्हणे की हे आपण पूर्वी कधी केलेले नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंना कोणी हात लावत नाही. दोन योग्य औषधे देऊनही झटके थांबत नसतील तर आज एका बाजूच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, तोही दुसरी बाजू आठवणींचा भार पेलू शकेल का हे तपासूनच.

हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा. 1587 साली इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अरांझिओ यांना मेंदूतल्या या वळणदार भागात तो प्राणी दिसला. एखाद्या प्रसंगातील दृश्य, आवाज, माणसे, जागा यांची नोंद मेंदूच्या निरनिराळ्या भागांत होते आणि या सगळ्यांची मोट हिप्पोकॅम्पस बांधतो. पण ही बांधणी एका दिवसात पक्की होत नाही. पुढचे कित्येक दिवस, विशेषतः झोपेत, तो प्रसंग पुन्हापुन्हा उजळला जातो आणि मग मुरतो. अपस्माराच्या लहरी नेमक्या या काळात खोडा घालत असाव्यात, असे मानले जाते. त्यामुळे अर्ध्या तासाच्या चाचणीत काकांसारखा माणूस उत्तम उत्तरे देतो आणि तीन आठवड्यांत सगळे विरून जाते. त्यांच्या एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस जवळजवळ सारखेच दिसत होते.

माझ्या सवयीचे रुग्ण असे नव्हते. त्याच आठवड्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली होती. लहानपणी तापात तिला बराच वेळ लांबलेली आकडी आली होती. तिचा डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि चट्टा पडल्यासारखा पांढुरका दिसत होता. तेथील पेशी मेल्या की माणूस शब्दांची यादी अर्ध्या तासातच हरवतो. ते आमच्या चाचणीत पकडले जाते, कागदावर आकडा दिसतो आणि घरच्यांनाही पटतो. काकांचे हरवणे आमच्या घड्याळाच्या पलीकडे घडत होते.

डॉक्टरांनी त्याच दुपारी औषध सुरू केले, थोड्या मात्रेत. काकांच्या आजाराला अपस्मारजन्य क्षणिक स्मृतिलोप म्हणतात. साधारणपणे पन्नाशी-साठीत तो सुरू होतो आणि औषधाला चांगला प्रतिसाद देतो. गेलेले दिवस परत येतील का, असे काकूंनी विचारले. झटके थांबणे बहुधा शक्य आहे, पण पुसलेले परत येण्याची आशा धरू नये, असे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले. काका म्हणाले, "पोरीला वाटे लावताना मी रडलो का, तेवढंच सांग." काकूंनी उत्तर दिले नाही, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी माझ्या जुन्या अहवालाखाली त्या दिवशीची नोंद जोडली आणि शेऱ्यातला "सर्वसाधारण" हा शब्द खोडून सही केली.

आता अपस्माराच्या रुग्णाने अशी तक्रार केली की मी नवी गोष्ट सांगते आणि तीन आठवड्यांनी त्याला फोन करून ती विचारते. एप्रिलअखेर, ऊन तापलेले असताना, काका-काकू पुन्हा आले. हिशेबाच्या वहीत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर एकही फुली नव्हती. मार्चअखेरीस मी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीतले सहा तपशील त्यांनी सांगितले, त्यांतले दोन जरा अदलाबदल झालेले. बरोबर लग्नाचा अल्बम आणला होता. प्रत्येक फोटोखाली काकांनी कार्डांवर आकडे टाकतात तशा नेटक्या अक्षरांत लिहिले होते, कोण उभे आहे, कोणत्या गावाहून आले, तेव्हा काय चालले होते. मजकूर काकूंनी सांगितलेला, अक्षर त्यांचे. पाठवणीच्या फोटोखाली लिहिले होते, "मी रडलो. हिने सांगितले."