मागच्या पानावरचा पंचनामा

पिकांच्या नुकसानीच्या पंचनाम्याच्या छापील नमुन्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचं असतं. कोकणातल्या श्रीवर्धनच्या पट्ट्यात वाडी अशी कुणी मोजत नाही. इथे 'पोफळी किती, माड किती', म्हणजे सुपारीची झाडं किती, नारळाची किती, असं विचारतात. २०२० च्या जूनमध्ये मी याच भागात कृषी सहायक होते. हा फरक किती महागात पडतो, ते मला एकाच दिवसात कळलं.

३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ इथल्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्याला चक्रीवादळ धडकण्याची ही १८९१ नंतरची पहिलीच वेळ, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतही असलं काही नव्हतं. लोकांना आठवत होतं ते २००९ चं फयान वादळ. त्या हिशेबाने 'चार कौलं जातील' एवढीच सगळ्यांची तयारी.

मी सांगतेय तो दिवस १० जूनचा. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. रस्त्यावर आडवी पडलेली झाडं गावकऱ्यांनीच कोयते-कुऱ्हाडींनी तोडून वाट केली होती, तीही मोटरसायकलपुरती. मुंबईहून आलेले चाकरमानी करोनामुळे शाळेत विलगीकरणात होते आणि त्याच शाळेचे पत्रे उडालेले. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी असे तिघं मास्क लावून सकाळपासून फिरत होतो. सर येऊन गेली की कागद ओले व्हायचे, मग तेच पुन्हा लिहायचं.

दुपारी ज्या वाडीत शिरलो तिचे मालक सत्तरीचे. सगळे त्यांना काका म्हणत, आम्हीही म्हणालो. सातबारा सामायिक, पाच नावं, त्यातली तीन मुंबईला. क्षेत्र बारा गुंठे. भाऊसाहेबांनी ०.१२ लिहिलं, मी 'नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त' यावर खूण केली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच, वाडीत उभं राहिलं की थेट आभाळ दिसत होतं. पोफळीच्या वाडीत आभाळ दिसणं हेच नुकसान. पंचांच्या सह्या घेऊन आम्ही निघणार, तर काका म्हणाले, "आता झाडं मोजा."

"काका, झाडांना रकाना नाही," भाऊसाहेब म्हणाले.

काकांनी ते ऐकलंच नाही. हातात चुन्याची वाटी होती. "ही पहिली ओळ वडिलांच्या हातची. इथून धरा."

खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. अजून नऊ वाड्या बाकी होत्या. पण त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मी वहीचं मागचं पान उघडलं. पडलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला ते चुन्याचं बोट लावत आणि मोठ्याने आकडा म्हणत. मिरीचे वेल पोफळींसकट आडवे झाले होते. काही झाडांचे शेंडे समुद्राकडे होते, काहींचे डोंगराकडे. "आधी वारा डोंगराकडून आला," काका म्हणाले. "मग एकदम पडला. आम्हाला वाटलं, संपलं. बाहेर आलो, तर समुद्राकडून उलटा सुरू झाला. पहिल्याने हलवून ठेवलेली दुसऱ्याने उपटली." वादळाचा डोळा (मधला शांत भाग) डोक्यावरून जातो म्हणजे काय, हे प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवलं होतं. ते जमिनीवर आखलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पोफळी ११८, माड १४. मग प्रश्न आला उभ्या झाडांचा. अकरा पोफळी उभ्या होत्या, पण शेंडा मुरगळलेला. पोफळीला वाढीचा कोंब एकच, तो दुखावला की फांदी फुटून झाड सावरेल अशी सोयच नसते. झाड काही महिने हिरवं दिसतं, मग वाळतं. शिवाय माडांची सावली गेल्याने उघडी पडलेली खोडं उन्हाने भाजतात ती वेगळीच. "ही कशात धरायची?" मी विचारलं. काका म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा." मी अकरा प्रश्नचिन्हं काढली. आजच्या तारखेला उभ्या झाडाला पडलेलं म्हणता येत नाही.

निघताना त्यांनी वर बोट दाखवलं. "आमचा पाडेली, सुपाऱ्या उतरवणारा, एकदा वर चढला की खाली उतरत नसे. झाड झुलवायचा आणि शेजारचं धरायचा, अशी अख्खी ओळ उतरवायचा. आता झुलून धरील काय?"

सरकारने मदत वाढवून बागायतीला हेक्टरी ५० हजार केली. बारा गुंठ्यांचे झाले सहा हजार, आणि खातेदार पाच. कोकणात सगळीकडून ओरड झाली, तेव्हा पुढे झाडामागे मदत ठरली, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. सगळीकडे पुन्हा मोजणी निघाली. तोवर बहुतेकांनी वाड्या साफ केल्या होत्या, बुंधेसुद्धा जळणात गेले होते. काकांच्या वाडीचं मात्र माझ्या मागच्या पानावर होतं. ५,९०० आणि ३,५००, मिळून ९,४००. पोफळ धरायला लागायला सहा-सात वर्षं जातात, हे डोक्यात ठेवून हा आकडा वाचावा. प्रश्नचिन्हांचं काही आलं नाही. ते मीच तसं लिहिलं होतं, म्हणून अजून टोचतं.

पुढच्या मे महिन्यात त्या वाडीत गेले. अकरांपैकी नऊ वाळल्या होत्या. काकांनी त्या तोडून, उभ्या चिरून, आतला गाभा काढून पन्हळी केल्या होत्या. विहिरीपासून नव्या रोपांच्या ओळीपर्यंत एकाला एक जोडलेल्या. रोपांना सावली म्हणून मधे केळी लावल्या होत्या. काका पन्हळीच्या सांध्यात चिखल लिंपत बसले होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, जरा तिकडचं टोक उचलून धरा, उतार येत नाहीये."