गुंठे, चुनखडी आणि मोल

पीयूसी फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला, केमिस्ट्रीतला मोल (डझनासारखंच, पण कण मोजायचं एकक) शिकवायचा म्हणजे दरवर्षी डोकेदुखी, आमच्या बेळगावात तर वर्गातली अर्धी पोरं खानापूर साईडची, दहावीपर्यंत मराठी मिडियम आणि आता एकदम सगळं इंग्लिश, मग गुणायचं की भागायचं हे अंदाजपंचे चालतं.

यंदा फॉर्म्युलाच बंद केला. फळ्यावर लिहिलं, ३ एकर म्हणजे किती स्क्वेअर फूट? शेतकऱ्यांची पोरं ती, एकराला ४० गुंठे, गुंठ्याला १०८९ स्क्वेअर फूट, तोंडपाठ. अट एकच, युनिट सोडायचं नाही. एकरला एकर कट, गुंठ्याला गुंठा कट, उरले १,३०,६८० स्क्वेअर फूट.

मग चुनखडी, तिचा एक मोल म्हणजे १०० ग्रॅम. २५० ग्रॅम भाजली तर चुना किती? मागच्या बेंचवरच्या एकाने २५० ला १०० ने गुणलं आणि २५,००० मोल म्हणाला. म्हटलं, युनिट लिही की. लिहिलं तर ग्रॅम स्क्वेअर पर मोल! तोच हसला, "सर, हे उलटं झालंय की ओ." उलटवलं, २.५ मोल. समीकरणात एकास एक, म्हणजे चुना पण २.५ मोल, गुणिले ५६ (चुन्याच्या एका मोलचे ग्रॅम), १४० ग्रॅम. बाकी ११० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडाला.

पण तीच चुनखडी एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक ऍसिड) टाकली की परत घोळ. १ मोल चुनखडीला २ मोल ऍसिड लागतं, म्हणजे २.५ ला ५ मोल, आणि ही पोरं मोलला मोल कट करून मोकळी, कशाचे मोल ते लिहीतच नाहीत. आता नुसतं 'मोल' लिहिलं की मी अर्धा मार्क कापतो, शिव्या घालत असतील. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी कुठला पदार्थ संपतो ते, सोमवारी.