मुलीच्या कानामागचा गोचीड
एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोडामार्ग तालुक्यात माझ्या आत्याकडे गेलो होतो आणि माझी सहा वर्षांची मुलगी दिवसभर काजूच्या बागेत पाचोळ्यातून बोंडू वेचत होती. संध्याकाळी न्हाणीघरात तिचे केस धुताना कानामागे तिळाएवढा काळसर ठिपका दिसला. मातीचा कण समजून मी त्यावर पाणी ओतले, तरी तो हलला नाही. विजेरीच्या उजेडात निरखून पाहिले, तेव्हा त्याचे बारीक पाय वळवळताना दिसले आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

आत्या लगबगीने म्हणाली, "जरा रॉकेल लाव गो, आपसूक सुटतलो." हा उपाय गावोगाव चालतो, कोणी खोबरेल लावते, कोणी पेटती काडी जवळ नेते. परंतु अशाने चवताळलेला गोचीड आपली लाळ जखमेत सोडण्याचा धोका असतो आणि रोगाचे जंतू असलेच तर ते त्या लाळेतच असतात, म्हणून मी नको म्हटले. भुवया कोरायचा टोकदार चिमटा घेऊन, फुगलेले पोट न दाबता, अगदी कातडीलगत त्याचे तोंड पकडले आणि न पिरगळता, हिसका न देता, संथपणे सरळ वर ओढले. कातडी किंचित ताणली गेली, मग तो सुटला. त्याच्या सोंडेचा तुकडा आत राहिला असता, तरी मी सुईने उकरत बसले नसते, कारण असा तुकडा कातडी हळूहळू स्वतःच बाहेर टाकते. जागा व हात साबणाने धुतले, गोचीड बोटाने न चिरडता झाकणाच्या बाटलीत ठेवला आणि मग मुलीचे सारे अंग पाहिले: केसांची मुळे, काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यांच्या मागच्या घड्या.

माझी धास्ती अनाठायी नव्हती. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, त्यापाठोपाठ माणसे तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. तोच माकडताप 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. तो गोचिडांच्या चाव्यातून होतो, एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात असतो. बागेत किंवा रानात मेलेले माकड दिसले, तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे असते. प्रत्येक गोचिडात हा विषाणू असतो असे मुळीच नाही, परंतु चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोके व अंग ठणकणे, उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

म्हणूनच त्या रात्री मी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला. आम्ही पुण्यास परतलो आणि सहाव्या दिवशी मुलीला खरोखरच ताप आला. शहरातल्या दवाखान्यात मुलाला ताप आला की आधी डेंग्यूचा किंवा साध्या सर्दीचा विचार होतो, गोचिडाबद्दल सहसा कोणी विचारीत नाही. तेव्हा तारीख, गाव आणि काजूची बाग या तीन गोष्टी मी खुर्चीत बसताबसताच सांगितल्या. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवले, तापासाठी फक्त पॅरासिटामॉल दिले आणि ॲस्पिरिन चुकूनही देऊ नका असे बजावले, कारण या आजारात रक्तस्रावाचा धोका असतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही ठीक निघाल्या. ताप दोन दिवसांत उतरला, घसा मात्र आठवडाभर धरलेला राहिला.

आता बागेत जाताना तिला पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा आणि मोज्यांत खोचलेली विजार घालतो, कारण फिकट कापडावर गोचीड चटकन दिसतो. घरी आल्यावर ते कपडे आधी गरम पाण्यात जातात. तो चिमटा मी आत्याकडेच ठेवून आले आहे. देवघराशेजारच्या फळीवर, काड्यापेटीच्या बाजूला तो ठेवलेला असतो, आणि दिवेलागणीला शेजारची मुले बागेतून परतली की आत्या त्यांना ओटीवर बसवून एकेकाचे कान मागून तपासते.