कपाशीच्या बोंडांचं तोरण

आज दिवसभर घरात नुसता झेंडूचा वास. परवा दसरा, तर अमळनेरच्या बाजारातून रेडिमेड तोरण आणणार होते पण सासूबाई म्हणाल्या, शेतात एवढं सगळं उभं असताना प्लास्टिकची फुलं दाराला कशाला गं? खरंच पटलं. मग सकाळीच शेतात गेलो आणि भुलाबाईच्या, म्हणजे पोरी गाणी म्हणत पूजतात त्या पार्वतीच्या, मखरासाठी कणसासकट ज्वारीची 5 ताटं, आंब्याची पानं आणि कपाशीची फुटलेली बोंडं देठासहित घेऊन आलो.

बोंडाचं टरफल वाळलं की टोकं अशी कडक होतात की बोटाला टोचतातच, पण आत तो पांढराशुभ्र कापूस कसला सुंदर दिसतो! दोन झेंडू, एक पान, एक बोंड असं सुतळीत ओवत गेलो, देठ सुतळीला दोनदा गुंडाळून गाठ मारली की बोंड फिरत नाही, हे सासूबाईंनी शिकवलं. झेंडू दोन दिवसांत सुकेल, बोंडं मात्र दिवाळीपर्यंत आरामात टिकतात.

आमच्या खान्देशात भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर असते. आता गल्लीतल्या पोरी गाण्यांना येतील, खाऊ डब्यात झाकून ठेवलाय, काय आहे ते इथं नाही सांगत, त्यांनाच ओळखू दे.