वाड्याच्या चौकात ट्रॉली लावताना

पुण्यात शॉर्टफिल्म करणाऱ्यांना वाड्याचा मोह होतोच. दिंडी दरवाजातून आत यायचं, चौक ओलांडायचा आणि ओसरीवर बसलेल्या माणसापाशी थांबायचं, असा शॉट हवा असतो. हल्ली तो गिंबलवर, म्हणजे कॅमेरा मोटरने सावरणाऱ्या हातातल्या स्टँडवर घेतात. गिंबल कॅमेऱ्याचं वळणं, कलणं सावरतो, पण चालताना पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल त्याला पूर्ण काढता येत नाही. मोकळ्या मैदानात ती खपून जाते. वाड्यात समोर लाकडी खांब, तुळया आणि पायऱ्यांच्या सरळ रेषा असतात, त्यामुळे जरासा हेलकावाही लगेच दिसतो. अशा ठिकाणी रुळांवरून सरकणारी ट्रॉलीच लावावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक ठरवायचं: कॅमेरा हलायलाच हवा का, की झूम पुरेल? झूममध्ये पुढचं-मागचं सगळं एकाच प्रमाणात मोठं होतं. ट्रॉली पुढे सरकते तेव्हा जवळचा खांब झपकन बाजूला जातो, मागची भिंत जेमतेम हलते आणि चौकाची खोली जाणवते. म्हणून ट्रॅक, म्हणजे रुळांची जोडी, असा टाका की तुळशी वृंदावन किंवा एखादा खांब लेन्सपासून मीटरभरावरून जाईल. जवळ काहीच नसेल तर एवढ्या खटाटोपाचं फळ पडद्यावर फारसं दिसत नाही.

ट्रॅकचे तुकडे साधारण 8 आणि 4 फुटांचे मिळतात. दोन मोठे आणि एक छोटा जोडला की 20 फूट होतात, पण कॅमेऱ्याला तेवढी धाव मिळत नाही. ट्रॉली स्वतःच 4 फूट अडवते आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट राखून ठेवावं लागतं. उरतात 13 फूट. त्यातले वेग घ्यायला दोन आणि थांबायला दोन गेले की एकसारख्या वेगाचे 9 फूट हातात राहतात. सेकंदाला एक फूट हा संथ वेग धरला तर 9 सेकंद. संवाद त्यात बसतो का, हे भाड्याचं सामान सांगण्याआधीच घड्याळ लावून बघा.

खरं काम लेव्हलचं. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्यामुळे या शहराला ट्रॉली नवी नाही. तरी स्टुडिओच्या सपाट फ्लोरवर शिकलेलं वाड्यात तसंच्या तसं चालत नाही. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून चौकाला मोरीकडे उतार दिलेला असतो, आणि दगडी फरसबंदी कुठे दबलेली, कुठे उचललेली असते.

जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधा आणि तिथून सुरुवात करा. बाकीचा ट्रॅक त्या उंचीपर्यंत उचलायचा असतो. आधी एकच रूळ लांबीच्या दिशेने पाणसळीत आणा. मग दुसरा रूळ प्रत्येक आडव्या पट्टीपाशी आडवी पाणसळ ठेवून पहिल्याच्या बरोबरीला आणा. लांबीत किंचित उतार राहिला तर ढकलणाऱ्याला त्रास होतो आणि ट्रॉली आपोआप घरंगळू शकते. आडवं चुकलं तर फ्रेमच तिरकी होते आणि ती मध्येच तिरकी होताना दिसते. हा दोष जास्त वाईट.

उचलायला फळ्या आणि लाकडी पाचरी वापरा. पाचरी जोडीने, समोरासमोरून सरकवाव्यात म्हणजे वरची बाजू सपाट राहते. नुसत्या सांध्याखाली आधार देऊन भागत नाही. कॅमेरा, ऑपरेटर, फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस बदलणारा) आणि ट्रॉली मिळून दीड-दोनशे किलो सहज होतात आणि आधार नसलेल्या जागी रूळ दबतो. म्हणून लेव्हलची शेवटची तपासणी माणसं बसवूनच करा, आणि रिहर्सलला जी बसली तीच टेकलाही बसू द्या. सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर चाकही अडकणार, आणि तो ‘टक्’ आवाजातही येणार. रूळ कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे किंवा टाल्कम पावडर लावा. तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते. दोन्ही टोकांना वाळूची पोती ठेवायला विसरू नका.

ढकलताना मनगटाने नाही, अंगाच्या भाराने ढकलायचं. ट्रॉलीला काठी बांधून तिच्या टोकाखाली जमिनीवर सुरुवातीची, मधली आणि शेवटची खूण टेपने करा. त्याच खुणा फोकस पुलरलाही लागतात. सुपर 35 (सिनेमा कॅमेऱ्यांतला एक प्रचलित आकार) सेन्सरवर 50 एमएम लेन्स, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) 2.8 आणि माणूस 6 फुटांवर असेल तर फोकसमध्ये राहणारी खोली सुमारे 18 सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. 5.6 वर छिद्र लहान होतं आणि ती साधारण दुप्पट होते, पण प्रकाश जास्त लागतो. प्रकाश वाढवता येत असेल तर वाढवा.

लेन्सनुसार वेगही बदलून भासतो. पुढे जाणारी ट्रॉली 24 एमएमवर जलद वाटते. आडव्या ट्रॅकवर 85 एमएम लावली की मागची भिंत सर्रकन पळते. ओसरीतल्या ट्यूबलाइटखाली शटर 1/50 ठेवा. सेकंदाला 24 फ्रेम घेताना शटरचा कोन (फ्रेमच्या वेळात तो किती काळ उघडा राहतो त्याचं माप) 172.8 अंश येतो. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने याने लुकलुक टळते.

ट्रॉलीवरून पॅन करायचा, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरवायचा असेल तर उभं राहताना पाय शेवटच्या फ्रेमच्या दिशेला ठेवा आणि कंबरेतून पिळून सुरुवातीच्या फ्रेमवर या. म्हणजे पॅन संपताना अंग मोकळं होत जातं आणि शेवट स्थिर येतो. 24 फ्रेमवर एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सातएक सेकंद द्यावेत, नाहीतर उभे खांब धक्के खात सरकतात.

वाड्याच्या अरुंद, अंधाऱ्या जिन्यात किंवा पेठेतल्या बोळात मात्र गिंबलच घ्या, तिथे ट्रॅक मावत नाही. बॅटरी, कार्ड, लेन्स सगळं चढवून, लेन्सचं झाकण काढून मगच तोल साधा. चालताना गुडघे वाकलेले ठेवा आणि टाच आधी टेकवा.

कुठल्याही टेकमध्ये धक्का जाणवला तर तिथेच दुसरा टेक घ्या. संगणकावर स्टॅबिलायझेशनने फ्रेम जागेवर येते खरी, पण कडा कापल्या जातात आणि धक्क्याच्या क्षणी प्रतिमा पुसट झालेली असते ती तशीच राहते.