व्हिसलजॅकेटची प्रत: घोडा झाला, आता पार्श्वभूमी

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स याच्या ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याच्या तैलचित्राची माझी प्रत बरीच पुढे सरकली आहे. घोड्याच्या अंगावरचे रंगाचे मुख्य थर बसलेत. भोवती मात्र अजून रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा पातळ हातच दिसतोय. पार्श्वभूमीला हात घालण्याआधी इथवर काय केलं ते मांडून ठेवते.

मूळ चित्र १७६२ च्या सुमाराचं आहे. मार्क्वेस ऑफ रॉकिंगहॅम यांच्या घोड्याचं हे चित्र १९९७ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची २९२ सेंमी, रुंदी २४६.४ सेंमी, म्हणजे घोडा जवळपास खऱ्या मापाचा. मी बरोबर एक चतुर्थांश माप घेतलं: ७३ बाय ६१.६ सेंमी. गुणोत्तर अचूक ठेवणं इथे फार गरजेचं आहे, कारण चित्रात घोड्याशिवाय काहीच नाही. ना स्वार, ना झाड, ना क्षितिज. कॅनव्हास दोन सेंमी जरी जास्त रुंद झाला तरी घोड्याभोवतीची मोकळी जागा बिघडते आणि उचललेल्या पुढच्या पायांतला ताण जातो.

लहान मापात काढताना तपशील किती घ्यायचा, हा प्रश्न प्रत करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मी एक साधा हिशेब पाळते. मूळ चित्र चार मीटरवरून जितकं मोठं दिसतं, तितकीच माझी प्रत एक मीटरवरून दिसते. म्हणून मूळ चित्रात चार मीटरवरून जे दिसेल तेवढंच काढायचं. पोटाखालच्या आणि पायांवरच्या शिरा दिसतात, त्या घेतल्या. आयाळीतले सुटे केस बहुतेक सोडून दिले. पडद्यावर चित्र मोठं करून बघत बसलं की हे भान सुटतं आणि लहान कॅनव्हासवर नको इतकी बारीक कलाकुसर होते.

आखणीसाठी चौकडी वापरली, पण फक्त ठळक बिंदूंपुरती. बाकीचं रेखाटन हाडांवरून केलं. स्टब्सनं १७५६ पासून लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो इथे सुमारे दीड वर्ष घोड्यांचं विच्छेदन केलं आणि त्यातून १७६६ मध्ये ‘द अ‍ॅनाटॉमी ऑफ द हॉर्स’ हे पुस्तक आलं. त्यातल्या चित्रांचं छपाईसाठीचं कोरीवकामही त्यानं स्वतःच केलं. घोडा काढणाऱ्यानं ही चित्रं समोर ठेवायलाच हवीत, असं माझं ठाम मत आहे. मागच्या पायात मध्यावर जो टोकदार सांधा मागे आलेला दिसतो, त्याला अनेक जण गुडघा समजतात. रचनेच्या दृष्टीनं ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुठ्ठ्यापासून खुरापर्यंतची घडी आपोआप जुळते. या चित्रात सगळं वजन त्या दोन मागच्या पायांवर आहे. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जाईल, पण वजन मागच्या खुरांवर उतरलं नाही तर घोडा हवेत लटकतो. म्हणून या प्रतीत सगळ्यात जास्त वेळ मी मागच्या पायांना दिला आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

अंडरपेंटिंग, म्हणजे उजेड-सावली ठरवणारा खालचा थर, रॉ अंबर आणि पांढऱ्यात केलं. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे ते लवकर वाळतं. त्यावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचे पारदर्शक थर दिले आणि उजेडाच्या जागी यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. तांबूस रंगाची खोली या पारदर्शक थरांतूनच येते. पांढरं मिसळून तोच रंग तयार केला तर तो खडूसारखा दिसतो. आयाळ आणि शेपूट फिकट सोनेरी आहेत, तिथे मात्र पांढरं लागतंच. स्टब्सच्या काळात शिशाचा पांढरा वापरात होता. तो जरा ऊबदार आणि अर्धपारदर्शक असतो, पण विषारी. मी टायटॅनियम व्हाइट घेते आणि त्याचा थंडपणा मोडायला किंचित ऑकर घालते. झिंक व्हाइट टाळते, कारण तेलात तो पुढे ठिसूळ होतो.

आता पार्श्वभूमी. दुरून ती सपाट वाटते, पण तिच्यात रंगाचे हलके चढउतार आहेत, म्हणूनच तिथे हवा आहे असं वाटतं. एकाच मिश्रणानं सगळं भरून टाकलं तर घोडा कापून चिकटवल्यासारखा दिसेल. माझा बेत असा: पार्श्वभूमीचा रंग घोड्याच्या कडेपर्यंत आणायचा आणि दोन्ही ओले असताना कड ठरवायची. पाठ आणि छातीची कड स्पष्ट, आयाळ आणि शेपटीची मऊ. त्यासाठी घोड्याच्या बाह्यरेषेवर पुन्हा एक पातळ थर द्यावा लागेल. मागच्या खुरांजवळच्या छोट्या सावल्या मी शेवटी करणार आहे. चित्रात जमीन आहे हे फक्त त्याच सांगतात, आणि त्यांचा गडदपणा पार्श्वभूमी पूर्ण झाल्याशिवाय ठरवता येत नाही.

यानंतर फ्रेंच चित्रकार जेरिकोचं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं १८२१ चं एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र घ्यायचं मनात आहे. त्यातले घोडे चारही पाय ताणून हवेत पसरलेले आहेत. पळणारा घोडा तसा कधीच दिसत नाही. छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ च्या पळत्या घोड्याच्या छायाचित्रांनी दाखवलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. पण प्रत करताना ते पाय मी दुरुस्त करणार नाही. जेरिकोला दिसलेला वेग त्या ताणलेल्या पायांतच आहे.

ज्यांनी मोठी मोकळी पार्श्वभूमी ओल्या कडांसह केली आहे, त्यांनी रंग फार लवकर वाळू नये म्हणून तेलात काय मिसळलं ते जरूर सांगा. मी सध्या अक्रोडाच्या तेलाचा विचार करतेय.